ते नंतर चुकीचं ठरलं!

सांगा म्हणे! काय सांगा? अहो, आल्यागेल्याला तेच तेच सांगून माझी जीभ झिजली, तरी हिचं आपलं, पाहुणा दारात दिसला की सुरू... 'अहो, ते तुमच्या वयाचं सांगा ना!' ही म्हणजे आमची बायको. पाहुण्याला पाणी नंतर देईल, आधी माझी अब्रू वाढेल! बरं, बसलाच आहात तर ऐका. पण मधे हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

तर तुम्हाला सांगतो, आमचं सोफ्याचं दुकान. जुने सोफे उसवायचे, स्प्रिंगा बदलायच्या, नवं कापड चढवायचं. शाळेत मी गेलो तो नावापुरता, पण मिसरूड फुटायच्या आधीपासून कापड बेततोय. कापायचं टेबल माझं, कात्री माझी, तिला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही. सगळं सुरळीत चाललेलं, आणि आमच्या चिरंजीवांनी, हल्ली दुकान तोच बघतो, संध्याकाळचा वर्ग लावला. कसला? तर मानसशास्त्राचा इतिहास! अरे, सोफ्याला मन असतं का? तर म्हणतो कसा, 'बाबा, इतिहासातून शिकायचं आणि आपली नि धंद्याची वाढ करायची.' कर बाबा वाढ! पण हा शहाणा काय करायचा, एक धडा झाला रे झाला, पुढचा वाचायच्या आत तो दुकानात लागू!

पहिला धडा टेंगळांचा. पूर्वी म्हणे मोठमोठे विद्वान कवटी चाचपून माणसाचा स्वभाव सांगायचे. झालं! गिऱ्हाइकासमोर टरबूज बघावं तसं माझं डोकं दाबलं आणि म्हणतो, 'हे बघा, हट्टीपणाचं टेंगूळ!' अरे गाढवा, परवा माळ्यावरून खुर्चीचा सांगाडा पडला, ते आहे ते! दुखलं म्हणून ओरडलो, तर म्हणे, 'बघा, चिडकेपणाचंही आहे.' पुढच्या आठवड्यात स्वारी हसत हजर, 'बाबा, ते नंतर चुकीचं ठरलं!' नंतर! आणि तोवर ज्यांची डोकी दाबली, त्यांची माफी कुणी मागितली?

मग कुत्र्याचा धडा. घंटा वाजवायची, कुत्र्याला खायला द्यायचं, असं करता करता नुसत्या घंटेनं कुत्र्याच्या तोंडाला पाणी. लगेच आमच्याकडे चहाच्या आधी घंटा! कारागीर कसे खुशीत राहतील म्हणे. पण दुकानाच्या दारालाही घंटा आहे, हे ह्याच्या गावीच नाही. गिऱ्हाईक आत आलं की दोघे कारागीर हातातलं टाकून कप घेऊन उभे! एक दिवस एक बाई आल्या, घंटा वाजली, कारागीर उठला, सुई राहिली गादीत, आणि बाई नेमक्या तिथेच... हसू नका म्हटलं ना! अशा किंचाळल्या, की कारागिरांतल्या एकाला आता कुणी किंचाळलं तरी चहा आठवतो! 'बाबा, माणसाला असं शिकवायला जाणं नंतर चुकीचं ठरलं.' ठरलं ना? मग त्या बाईंची माफी कुणी मागितली? मी! हा मागे कापडाच्या गठ्ठ्यांत लपलेला!

आणि मग आली ती परीक्षा. चित्रं दाखवून अकलेचं वय काढायची. ज्याची अक्कल मोठी, कापायचं टेबल त्याचं. चित्रात दोघे पांढऱ्या कपड्यातले बाप्ये भर उन्हात चेंडू बडवतायत. 'बाबा, ह्यात काय कमी आहे?' म्हटलं, 'लाज!' कामाच्या वेळी चेंडू कसले खेळता? तर म्हणे चूक, टेनिसची मधली जाळी नाही. पुढचं चित्र, माणसाला तोंडच नाही. 'ह्यात काय कमी?' म्हटलं, 'काही नाही, सुखी आहे बिचारा.' तेही चूक! शेवटी घसा खाकरून निकाल, 'बाबा, तुमच्या अकलेचं वय नऊ.'

नऊ! आणि कात्री काढून घेतली हो माझ्या हातातून. दिली जाळी ओळखणाऱ्या कारागिराला. मला बसवलं जुने खिळे उपसत. घरी ही विचारते, 'बाळाला चहा देऊ की दूध?' हसलो नाही मी. तुम्हाला सांगतो, दिवसभर खाली मान घालून खिळे उपसले... टेबलाकडे बघवतच नव्हतं.

मग ह्याचा पुढचा धडा आला. एका संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्यानं दुकानात शिरला. असल्याच परीक्षा म्हणे जन्मात पेन्सिल न धरलेल्यांच्या घेतल्या, परमुलखातल्यांच्या घेतल्या, आणि त्यांना मठ्ठ ठरवून मोकळे झाले. 'बाबा, ते...' आणि दोघे कारागीर एका सुरात, 'नंतर चुकीचं ठरलं!'

पण ह्या वेळी हा हसला नाही. कात्री आणून माझ्या हातात ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, 'नंतर नाही, बाबा. तुमच्या हातातून घेतली तेव्हाच चुकलं होतं. माफ करा मला.'

आता मी किती ऐकवायचं ठरवून ठेवलं होतं! आणि ऐन वेळी कात्रीची धार तेवढी अंगठ्यानं पाहिली. म्हटलं, 'आधी टेबल पूस.'

तर पोरानं माफी मागितली, ती मिळाली. टेंगळाचीही मागितली, घंटेचीही मागितली. मिटलं? कुठलं मिटतंय! दारातून हिचा आवाज आलाच, ऐकलंत ना? 'बाकीचं सगळं ठरलं असेल चुकीचं, ते नऊचं तेवढं बरोबर आहे हो!' आणि बघा, तुम्हाला चहा आला, माझ्यापुढे दुधाचा पेला. घ्या, तुम्ही घ्या. मीही पितो, करतो काय? पण लिहून ठेवा, ह्या सगळ्यात माफी यायची राहिलीय ती एकाच माणसाची... माझ्या बायकोची!