तोंडावरचा पापुद्रा

एखादा जीव गेला असे ठरविण्यापूर्वी मनुष्याने थोडे थांबावे, हा विवेक होय. प्राण्यांच्या दवाखान्यात वृद्ध शास्त्रीबुवांच्या शेजारी एक दांपत्य गोगलगाईची बरणी घेऊन बसले होते.

"अहो, पुरायची एवढी घाई कसली?"

"आठवडाभर हाललेली नाही. तोंडावर पापुद्रा धरलाय. गेली ती."

"नोकरी संपल्यावर तुम्हीही महिनाभर दार लावून पडला होतात. पुरलं का मी?"

एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी बरणीत डोकावून पाहिले.

"जिवंत आहे की. हवा कोरडी झाली की पापुद्रा ओढून झोपतात. पाणी शिंपडा, उठेल."

"अहो, मग गेल्या महिन्यात तुम्ही पुरलेल्या दोघी?"

"त्यांच्याही तोंडावर पापुद्रा होता."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. त्या दोघींना माती ओली लाभो, आणि या दोघांना शांत झोप.