झाकणवाला मिस्तरी

मी माजलगावचाच. बाप लिंबाच्या झाडाखाली बसून सायकलीचे पंक्चर काढायचा, मग धरणात पाणी अडलं, कॅनॉल सुटले, ऊस आला, तशी गावात इंजिनं आली, मागून फटफट्या आल्या, अन मी सायकल सोडून इंजिनाकडं वळलो. शाळेत मन लागत न्हवतं, इंजिनात लागायचं, एवढंच कारण. कान लावला की मला कळायचं ह्याचं पोट कुठं दुखतंय. वाढवून न्हाई सांगत, कुणालाबी इचारा, लोक म्हणायचे रशीद मिस्तरीकडं टाका, एका हातात होईल. म्हणायचे म्हणतोय मी, कारण आता काय म्हणतेत ते तुमाला ठाऊक हाय, त्याच्यासाठीच तर आलाय तुमी. आता म्हणतेत झाकणवाला मिस्तरी. चहाला हॉटेलात बसलो की कुणीतरी बाटलीचं झाकण मपल्यापुढं ठेवतंय, चाचा, हे सुलटं हाय का बगा. हसू नका. बरं, हसा, तुमी एकटेच कावून मागं राहता.

तर ती मोटर. किसन भोई म्हणून हाय, धरणाच्या पल्याडच्या कडंला त्याचं गाव. सडकेनं यायचं म्हणलं तर लई वळसा, म्हणून समदं गाव त्याच्या बोटीत बसून येतंय, दूधवाले, बाजाराची पोती, दवाखान्याची माणसं, शेळ्या सुदीक. पहिले वल्ही हुती. किसनचा थोरला भाऊ वल्हवायचा, अन एका वावटळीत बोट उलटली, बोट सापडली अन पोरगं गेलं. तवापासून त्यांची आई, पारूमावशी, तिनं वल्ह्याला हात लावू दिला न्हाई. म्हणली मोटर लाव, न्हाईतर बोटीवर कुऱ्हाड घालते. मग किसननं कोकणातून कुणाची तरी जुनी मोटर आणली, बोटीच्या मागं लटकवायची, पंखा पाण्यात, टाकी डोक्यावर. इतकी जुनी की तिच्यावरचं कंपनीचं नाव बी उडालेलं. दोरी वढली की चालू व्हायची म्हणे. कोकणात होत आसंल.

हितं काय झालं, चालूच लवकर होईना, दोरी वढून वढून किसनचा खांदा उतरायची पाळी, अन झाली चालू तर जरा चालायची, मग खोकायची, मग बंद. अन कुठं बंद? काठाला न्हाई, बरोबर मधोमध, जिथं खाली तळ लागत न्हाई. किसन ती खांद्यावर टाकून मपल्या दुकानात आला. म्या मनात म्हणलं, फटफटीचीच भैन हाय, पेट्रोलमधी ऑइल मिसळून पिणारी, काय लागतंय तिला. प्लग काढला तर काळा कुट्ट. इचारलं ऑइल किती टाकतो, तर म्हणतो अंदाजानं, जरा जास्तीच, मोटरीला ताकद यावी म्हणून. म्हणलं अबे ती मोटर हाय का बाळंतीण, तूप वाढल्यावानी ऑइल वाढतोस? प्लग नवा टाकला, ऑइलचं माप बांधून दिलं, पाण्यानं भरलेल्या पिपात पंखा बुडवून चालू केली, अशी चालली की शेजारचे दुकानदार बघाया आले.

चालू होयाचं दुखणं गेलं. बंद पडायचं न्हाई गेलं. दुसऱ्याच दिवशी किसन परत. चाचा, मधीच थांबली. मग कार्बोरेटर खोलला, जेटमधून वारं मारलं, घाण निघाली, म्हणलं हेच हुतं. परत आला. पेट्रोलची नळी बदलली. परत आला. जुनं पेट्रोल सांडून नवं भरलं, कॉइल तपासली, परत आला. दर टायमाला दुकानात मोटर गाणं म्हणायची अन धरणात गेली की मुकी. मपलं डोकं फिरलं. म्हणलं किसन्या, तू पाण्यात तिला करतोस काय बे? म्हणतो चाचा, काय बी करत न्हाई, बंद पडली की झाकण उघडून बघतो पेट्रोल हाय का, आसतंय, झाकण लावतो, दोरी वढतो, परत चालती, जरा चालती अन परत थांबती. हे त्यानं मला तोंडानं सांगितलं, बरं का. अन मी ऐकलं न्हाई. मला वाटलं ह्याला काय कळतंय.

गावात बोभाटा झाला. ज्याला त्याला अक्कल सुचायला लागली. एक म्हणला मोटरीला पाण्याची नजर लागली, एक म्हणला थोरला भाऊच तिथं धरून ठेवतो तिला. हे शेवटलं पारूमावशीच्या कानावर गेलं अन ती दुकानात आली. बसली न्हाई, पाणी पिली न्हाई. म्हणली मिस्तरी, तुला जमत नसंल तर तसं सांग, मी बोटीत दगडं भरून बुडवते, माझं एवढं एकच राहिलंय. काय सांगू तुमाला, इतकी वर्षं हाताला काळं लावलं, पर तसं कुणी बोललं न्हवतं. लाज बी वाटली, राग बी आला, अन भ्या वाटलं, खरंच सांगतो. ह्या पोराला काय झालं तर मी काय तोंड दाखवू?

म्हणलं मावशी, उद्या मी सोता बसतो बोटीत. मला पवता येत न्हाई. घरवाली म्हणली, खुळे झाले का तुमी, पाण्याच्या डबक्यातून गाडी काढत न्हाई अन धरणात चालले.

सकाळी सडकेनं वळसा घालून किसनच्या गावाला गेलो. पारूमावशी काठावर ताट घेऊन हुतीच. रोजचं हाय तिचं, बोट सुटायच्या आधी मोटरीला हळद-कुंकू, ओल्या बोटानं, भरपूर, अन दुरुस्ती करून आणली त्या दिवशी तर चांगलं दुप्पट. टाकीचं झाकण गोल, वरती, कपाळावानी दिसतंय, तिथं लावायची. म्या ते कुंकू पैलेपासून बघितलेलं. दुकानात समदी मोटर पुसायचो अन तेवढं झाकण सोडायचो. आमचा रिवाजच हाय, कुणाची बी गाडी आली तर कुंकू पुसायचं न्हाई, लिंबू सोडायचं न्हाई, ज्याचं त्याचं देवाचं हाय, आपुन कावून हात लावावा.

बोटीत मी, किसन अन एक म्हातारा शेळी घेऊन. मधोमध आलो अन खोकली. थांबली. वारं सुटलेलं, बोट आडवी व्हायला लागली, शेळी बोंबलायली, मी दोन्ही हातानं फळी धरलेली. किसन आपला सवयीनं झाकण फिरवतोय, अन झाकण ढिलं झालं तसा आवाज आला, फुस्स. बारीक. टाकीनं श्वास घेतल्यावानी. म्हणलं थांब. परत लाव. चालू कर. परत चालली, परत थांबली, परत झाकण उघडलं, परत फुस्स. अरे देवा. तेलाचा डबा रिकामा करताना आपुन काय करतो, दोन भोकं पाडतो, एकातून तेल खाली येतंय, दुसऱ्यातून वारं आत जातंय. एकच पाडलं तर तेल अडतंय. ह्या झाकणाला वारं घ्यायला बारीक भोक ठेवलेलं, अन त्याच्यावर कुंकवाचा भाकरीच्या पापुद्र्याएवढा थर, खाली ऑइल, वर हळद, सिमिट झालेलं. अन दुकानात कावून चालायची, तर दुकानात मी टाकी काढून ठेवायचो, सलाईनच्या बाटलीतून पेट्रोल द्यायचो, बाटलीला वर भोक. म्हणजी मी आजारी माणसाला घरी ठेवून त्याच्या कपड्याला दवा देत हुतो.

झाकण हातात घेतलं अन हात थांबला. किसनकडं बघितलं. त्यो म्हणला काढा चाचा. म्हाताऱ्याच्या सदऱ्याची पिन घेतली, बिस्मिल्ला म्हणलं अन भोक मोकळं केलं. त्याच्यानंतर मोटर अशी चालली, म्हाताऱ्याला अल्याड उतरवून सरळ परत किसनच्या गावच्या काठाला, एकदाबी न खोकता.

पारूमावशी गुडघाभर पाण्यात उभी. सोबत अर्धं गाव. काय झालतं रे, म्हणली. किसननं तोंड उघडलं, आये, तुझं ते, अन म्या त्याच्या पायावर पाय दिला. तिच्या हाताकडं बघत हुतो मी. बोटं अजून लालपिवळी. आता हिला काय सांगावं, की एक लेक पाण्यानं नेला अन दुसऱ्याला तू रोज सकाळी आपल्या हातानं मधोमध थांबवत हुतीस? तोंडातून निघालं, मावशी, मपलीच चुकी, म्या झाकण उलटं बसवलं हुतं.

झाकण उलटं बसतंय का कुठं? लहान लेकरू सांगंल. पर लोकाला दुसऱ्याची चुकी लई लवकर पटती. मावशीनं मला तिथंच धुतलं, मुडद्या, तुझ्यापायी माझं लेकरू मेलं असतं म्हणली, अजून लई म्हणली, ते लिहू नका. मी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणलं, मावशी, अजून एक, हे झाकण म्हणजी तिची टाळू हाय, कपाळ ते पुढं हाय, कुंकू तिथं लावत जा. म्हणली तुला रे काय कळतंय कुंकवातलं? म्हणलं कुंकवातलं न्हाई कळत, मोटरीचं कपाळ कुठं हाय ते कळतंय. तिनं जरा इचार केला अन पदरानं झाकण पुसून कुंकू पुढं लावलं.

तवापासून हे असं. किसन्या सोता चारचौघात सांगतोय, चाचानं झाकण उलटं बसवलतं, सांगावं लागतंय त्याला, आई शेजारी आसती. शेळीवाल्या म्हाताऱ्याला बी त्यानं शपथ घातली. लोकं ट्रॅक्टर दुसरीकडं न्यायलेत. घरवाली म्हणती खरं सांगून टाका. कुणाला सांगू? सकाळी सांगितलं तर दुपारपर्यंत धरणापल्याड जाईल. मग ती म्हातारी एक-एक दिवस आठवत बसंल, ह्या दिवशी अडकला, त्या दिवशी अडकला, अन भाकर गिळवंल का तिला?

तुमी लिहा बिनघोर. तुमचं लिहिलेलं हितं कोण वाचतंय, तिला तर वाचता येत न्हाई, अन वाचून दाखवणारा किसनच, त्यो दाखवत न्हाई. दिवस मावळायला ती काठावर येती, लांबून मोटरीचा आवाज आला की हात जोडती. तिला वाटतंय लेक आपल्या कुंकवानं घरी येतोय. वाटू द्या. अल्ला त्याला रोज असाच आणो.