डाग नाही हो, कॅरेक्टर

…आणि वर तो म्हणतो कसा, "मॅडम, हा डाग नाही हो, कॅरेक्टर आहे." आता तुम्हीच सांगा, हे वाक्य ऐकवायचं कुणाला? आमच्या वहिनींना? अहो, वहिनी कातडीच्या डॉक्टर. सकाळपासून दवाखान्यात रीघ लागलेली असते, कुणाच्या गालावर वांग, कुणाच्या कपाळावर मुरमांचे खड्डे, आणि जो तो रडवेला होऊन म्हणतोय, डॉक्टर, एवढं घालवा हो, चारचौघांत जायची चोरी झालीय… आणि अशा बाईला भर दुकानात उभं करून सांगायचं की डाग आहे म्हणून तर जास्त पैसे पडतील? 

थांबा, मी मधूनच सुरू केलं. दुकान होतं चामड्याच्या जॅकेटांचं, आणि वहिनींना तिथे ओढून नेणारा आमचा दादा, म्हणजे त्यांचे यजमान, माझा सख्खा भाऊ. दादाने पन्नाशीत मोटारसायकल घेतली. का घेतली ते मला विचारू नका, घरात कुणीच विचारत नाही. बरं, मोटारसायकल आली की जॅकेट आलंच. मी काही बरोबर नव्हते, पण वहिनींनी हे सगळं मला इतक्यांदा सांगितलंय की त्या दुकानातले हँगरसुद्धा आता माझ्या ओळखीचे झालेत.

तर दुकानात माल दाखवायला एक गृहस्थ होता, तिशी उलटलेला, बोलायला अगदी मऊ, आणि एवढं उकडत असताना गळ्याभोवती मफलर. त्याने दोन जॅकेटं काढली. एक गुळगुळीत, चकाचक, जणू आत्ताच आंघोळ करून आलंय. दुसऱ्याच्या पाठीवर हातभर ओरखडा, बाहीवर पुरळ उठल्यासारखे ठिपके, खिशापाशी सुरकुत्यांचं जाळं. वहिनी समजूतदारपणे म्हणाल्या, हे खराब निघालंय, ते बाजूला ठेवा. तर कळलं काय, तेच महाग! थोडंथोडकं नाही, चांगलंच महाग. मफलरवाल्याने शांतपणे समजावलं की त्या गुळगुळीत जॅकेटाचं चामडं घासून, वर रंग थापून, सगळ्या खुणा झाकलेल्या असतात. हे मात्र जसंच्या तसं. जनावर काट्याकुट्यांतून गेलं, तारेच्या कुंपणाला घासलं, उन्हात उभं राहिलं, ते सगळं यात दिसतं. "डाग नाही हो मॅडम. कॅरेक्टर."

दादाचे तर डोळे पाणावले. जनावरासाठी नाही, स्वतःसाठीच असणार.

वहिनींनी पर्स उघडली आणि आतलं भिंग काढलं. मुद्दाम नाही हो, हाताला सवयच तशी. चष्मा कपाळावर चढवून भिंगातून बाही पाहिली आणि रोज दवाखान्यात बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "हे गोचिडाचे चावे. हा नायटा आहे, जुना, कुणी औषध केलेलं दिसत नाही. आणि हा ओरखडा कुंपणाचा असेलही, पण खाज सुटली म्हणून घासून घेतलंय बिचाऱ्याने." शेजारच्या आरशासमोर एक गिऱ्हाईक अगदी तसलंच जॅकेट घालून छाती फुगवून उभं होतं. त्याने ते हळूच उतरवलं, हँगरला लावलं आणि कोपर खाजवत खाजवत बाहेर पडलं. मफलरवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. आणि दादा? दादा म्हणाला, हेच द्या, बांधून.

वहिनी घरी येऊन मला म्हणाल्या, आजवर चारित्र्यावर डाग ऐकला होता गं, डागालाच चारित्र्य असतं हे आज कळलं. आणि दादा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते अंगात चढवून दवाखान्यात वहिनींना न्यायला गेला, तर बाकावर बसलेल्या एक बाई दोन हात सरकल्या आणि त्यांनी कंपाउंडरला हळूच विचारलं की या गृहस्थांचं पसरत नाही ना?

इथवर ठीक होतं. हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच आठवड्यात दवाखान्यात पुढचा पेशंट म्हणून आत कोण आलं असेल? तोच मफलरवाला. दोघंही चपापले. त्याने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग बसला आणि मफलर सोडला. कानाखालपासून थेट गळ्यापर्यंत जांभळट लाल खूण. जन्मखूण. त्याला ती काढून हवी होती. वहिनींनी नीट तपासलं आणि सांगितलं की आजार काही नाही, अपाय तर मुळीच नाही. लेझरने फिकी होईल, पण बऱ्याच वेळा यावं लागेल, दुखेल, आणि पुरती जाईलच असं मी सांगणार नाही. मग विचारलं, इतकी वर्षं राहू दिली, आत्ताच का खुपायला लागली?

"मला नाही खुपत," तो म्हणाला. "मालकांना खुपते."

झालं होतं असं की मालकांनी दुकान नव्याने सजवलं होतं, चारी बाजूंनी आरसे, वरून झगझगीत दिवे. मफलर गावंढळ दिसतो म्हणून तो काढायचा, आणि मफलर काढला की खूण दिसते, ती दिसली की गिऱ्हाईक बिचकतं, तेव्हा ती घालवून ये, नाहीतर दुसरीकडे काम बघ. बायको म्हणत होती, घालवू नका, मला तुम्ही असेच आवडता. पण बायकोच्या आवडीवर घर कसं चालायचं? घरात दोन लहान मुली. हे सगळं तो त्याच मऊ आवाजात सांगत होता, जणू काउंटरवर घडी घालतोय.

तुम्हाला सांगते, वहिनींनी पेन खाली ठेवलं. म्हणजे गोचिड चावल्याचे जादा पैसे लावणारं दुकान, आणि जो माणूस तोंडाला फेस येईपर्यंत डाग नाही हो, कॅरेक्टर म्हणतो, त्याच्याच गळ्यावरची खूण त्या दुकानाला चालत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आंघोळीला गेलेला पाहून वहिनींनी त्याचं जॅकेट पिशवीत कोंबलं आणि तडक दुकान गाठलं. मालक समोरच होते. वहिनींनी जॅकेट काउंटरवर पसरलं आणि साळसूदपणे म्हणाल्या की या सगळ्या खुणा घासून, वर रंग मारून द्या, लागतील ते पैसे देते. मालकांच्या काळजाला असा काही चटका बसला म्हणता! अहो बाई, काय बोलताय, असं म्हणून त्यांनी जे सुरू केलं ते संपेचना… की खूण म्हणजे त्या कातडीची ओळख, ती पुसली तर उरलं काय, झाकायची कशाला, जे जसं जन्माला आलं तसं मिरवावं, आणि ज्याला हे दिसत नाही त्याने आमच्या दुकानाची पायरीच चढू नये. दोन-चार गिऱ्हाइकं माना डोलवत ऐकत उभी. मफलरवाला कोपऱ्यात, हातात हँगर.

मालक दम घ्यायला थांबले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "फार छान बोललात. आता हेच जरा त्यांच्याकडे बघून म्हणा."

मालकांनी तिकडे पाहिलं. गिऱ्हाइकांनीही पाहिलं. चारी आरशांत सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी मालक घसा खाकरून म्हणाले की नोकरीचं तसं काही नव्हतंच, गैरसमज झाला असेल. वहिनींचा जीव भांड्यात पडला. घरी आल्या त्या गुणगुणतच. जॅकेट परत खुंटीवर, दादाला पत्ताच नाही.

पण तो मालक! गप्प बसेल तर मालक कसला? दुसऱ्याच दिवशी त्याने मफलर उतरवायला लावला आणि या गृहस्थाला बरोब्बर मोठ्या दिव्याखाली उभं केलं. गिऱ्हाईक आलं की याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, साहेब, आमच्याकडे माणसंसुद्धा अस्सल ठेवतो आम्ही. लोक जवळ येऊन निरखायचे. एका बाईंनी तर बोट लावून पाहिलं, रंग जातो का म्हणून. नुसत्या जन्मखुणेत दम नाही असं म्हणत मालकाने गोष्टही रचून दिली, लहानपणी आगीतून भावंडाला बाहेर काढलं म्हणे. याला भाऊ ना बहीण! आणि विक्री वाढली हो, वाढली, हेच तर दुखणं.

पुन्हा आला बिचारा वहिनींकडे. म्हणाला, "मॅडम, आधी लपवून दमलो होतो. आता दाखवून दमलोय." वहिनी इतकी वर्षं लोकांना काय लावा, काय टाळा ते सांगत आल्या, पण यावर द्यायला मलमच नव्हतं. भलं करायला गेले आणि माणूस दिव्याखाली टांगून आले, एवढंच त्या पुटपुटल्या. त्यानेच उलट त्यांची समजूत घातली, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत म्हणून, आणि गेला.

मग बरेच दिवस काही कळलं नाही. मध्यंतरी दादाला जवळचं दिसेना, मोबाइल हातभर लांब धरून वाचायला लागला, तेव्हा दोघं चष्म्याच्या दुकानात गेले. तर काउंटरमागे कोण? तोच. गळा उघडा, मफलर नाही, चेहरा कसा निवांत. वहिनींनी जवळ जाऊन हळूच विचारलं की इथे कुणी काही बोलत नाही ना, कुणी टक लावून बघत नाही ना?

तर तो हसला. म्हणाला, "नाही मॅडम. इथे गिऱ्हाईक आपला चष्मा काढून माझ्यासमोर बसतं. त्याला मी धड दिसतच नाही."

 वहिनींनी आपला चष्मा काढला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "मलाही दाखवा एखादी फ्रेम."