तीन कोपरे आणि एक वही

...आणि उत्तर बरोबर आलं तरी वर मलाच दरडावते हो, "आई, पायरी कुठाय?" तुम्हाला सांगते, माझी शाळा सातवीत सुटली आणि लेक गेली आठवीत, म्हणजे जिथे माझं संपलं तिथूनच हिचं सुरू! तरी घेतला तिचा गणिताचा अभ्यास. कुठल्या संख्येच्या तिपटीत पाच मिळवले की वीस होतात? मी भांडी विसळता विसळता म्हटलं, "पाच!" तर म्हणते, "पायरी कुठाय? बाई गुण कापतात." अगं, विसातून पाच काढले, उरले पंधरा, केले तीन वाटे, झालं की! "तसं नाही गं, आधी क्ष धरायचा." आता उत्तर हातात असताना हा क्ष कशाला मधे?

मग आली भूमिती. त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून एकशे ऐंशी अंश होतात, दाखवा. म्हटलं, एकशे ऐंशी म्हणजे किती गं? "सरळ रेघ!" मग त्यात काय? मी दिवसभर पडदे बेतते! घेतली कात्री, कापले तिन्ही कोपरे, टोकाला टोक भिडवून शेजारी शेजारी ठेवले... खालची कड अश्शी सरळ, पट्टी लावून बघा! "ही घे तुझी पायरी!" मी टाळ्या वाजवतेय, आणि लेकीनं भोकाड पसरलं. का? अहो, त्रिकोण वहीतला होता! उद्या तपासायला द्यायच्या वहीतला! तिचे बाबा त्या भोकातून बघून म्हणतात, "वा, पुढचा धडाही दिसतोय." यांना विनोद सुचतात!

सकाळ झाली. चूक माझी, ओरडा खाणार पोर! गेले तिच्याबरोबर शाळेत, कोपरे डबीत घेऊन. बाईंनी चष्मा वर केला, "हे काय?" मी डबी उघडली. कोपरे मांडले टेबलावर... एक, दोन, तीन. बाईंनी पट्टी लावून बघितली. आणि बाई खुदकन हसल्या की हो! "हीच तर पायरी!" सगळ्या वर्गाला कागद वाटले, चाळीस पोरं कोपरे कापताहेत, आणि माझी लेक बाकांमधून ऐटीत फिरतेय, "टोकाला टोक भिडवा रे, माझ्या आईसारखं!" मला तर पंखच फुटले! बाई म्हणाल्या, "दर शनिवारी या, पुढचे धडेही असेच दाखवा." आणि मी? हुरळून "हो हो, येईन की!"

घरी येऊन पुस्तक उघडलं... शनिवारी वर्तुळ आहे हो. त्याला एकसुद्धा कोपरा नाही!