गाडीला डायनॅमो

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या पोस्टमनचे कान शेजारच्या दोन म्हाताऱ्या बहिणींकडे लागले होते.

"ताई, आपल्या रिमोटच्या गाडीत मी छोटा डायनॅमो बसवलाय."

"पेट्रोलवर पळते की ती. वीज कशाला?"

"दिवे लावलेत. नुसत्या बॅटरीवर पाच मिनिटांत मान टाकायचे. आता इंजिन फिरतंय तोवर लागलेले राहतात."

"अगं, वजन वाढलं. आजच्या शर्यतीत शेवटचे येऊ."

"येऊ की."

"मग हा खटाटोप कशासाठी?"

"गाडी दिसत नाही म्हणून तू रिमोट माझ्या हातात दिलास. मला वळणं जमत नाहीत, ताई."

ताई तिच्याकडे वळली.

"कुठल्या रंगाचे दिवे?"

"पिवळे. पिवळं तुला दिसतं."

पोस्टमनने आपली आधीच्या नंबरची चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

"बरं झालं," ताई उठत म्हणाली. "डॉक्टरांना सांगते, ते थेंब घातले की दिवसभर अंधुक दिसतं, उद्या घाला. आज मला गाडी चालवायचीय."