चहा आणायला गेले आणि पदं संपली

...नाही, पण मी म्हणते, माणसाने चहा आणायला जावंच कशाला? कंपनी माणसं कमी करायला निघालीये, मुंबईहून युनियनचे पुढारी आलेत, दार लावून तुमच्या पोटापाण्याचं ठरतंय, आणि आमचे हे हातात घरची किटली घेऊन टपरीवर! वर टपरीवाल्याला काय सांगितलं, तर आलं जरा जास्त ठेच, मुंबईचे पाहुणे आहेत.

तुम्हाला सांगते, यांचं नाव भिमाजी, आणि हे नाशिकच्या विमानतळावर कामाला. आता नाशिकचा विमानतळ म्हणजे काय, रोज एक विमान मुंबईहून यायचं आणि तेच तोंड फिरवून परत जायचं, आणि त्या एका विमानामागे सात माणसं. कागदावर कुणी शिडी लावणारा, कुणी सामान चढवणारा, पण खरं म्हणजे सगळ्यांनी सगळं करायचं, अगदी धावपट्टीवरची कुत्री हाकलण्यापासून. आमचं लग्न जमलं दोन हजार चार साली, तेव्हा मध्यस्थाने माझ्या वडिलांना काय सांगितलं माहितीये? 'मुलगा विमानात असतो.' विमानात... हो, असतो ना, विमानाच्या पोटात वाकून बॅगा रचत असतो, ते मला लग्नानंतर कळलं. तरी मी खुश होते हो. का, सांगते.

माझं माहेर फुलांच्या मळ्यातलं, सासर पण फुलांच्या मळ्यातलं, मखमलाबादला. पहाटे फुलं तोडा, हार ओवा, पंचवटीत नेऊन बसा. लहानपणापासून ही बोटं सुईने टोचून टोचून अशी झालीत की लग्नात अंगठी घालताना मला लाज वाटली. म्हणून मी ठरवलं होतं, नवरा नोकरीवाला, आणि पुन्हा सुईला हात लावायचा नाही. सासूबाई, म्हणजे गोजराबाई, झेंडूच्या ढिगामागून माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, 'तुझी सुई म्या येगळी ठेवली हाय बरं. नोकरीचं काय खरं नाय.' मी म्हणायचे, राहू द्या, आत्याबाई, लागायची नाही.

आणि मग आली ती मंदी. रोजचं विमान आठवड्यातून तीनदा झालं, आणि वरून निरोप आला की नाशिकला एक माणूस जास्त होतोय. माझी भाकरी तव्यावर करपली. हे मात्र शांतपणे जेवत होते. म्हणाले, 'छाया, काळजी करू नको. युनियन आहे.'

तर हे सातही जण मुंबईच्या युनियनमध्ये शिरले, आणि ते पुढारी आले बैठकीला. त्यांचा आवाज कसा, तर घशात कायम माइक बसवल्यासारखा... 'मित्रांनोऽऽ, कंपनी साध्या सभासदाला काढू शकते, पण पदाधिकाऱ्याला हात लावून दाखवावा, कोर्टात खेचतो!' झालं. आता हे ऐकल्यावर साधा सभासद कोण राहील? ज्ञानेश अध्यक्ष झाला, कारण त्याला इंग्रजी येतं. पुंजाभाऊ उपाध्यक्ष, कारण नाहीतर ते रुसले असते. मग सचिव, सहसचिव, खजिनदार, आणि एक जण उरला, त्याला केला संघटक. आणि त्यानंतर आमचे हे किटली घेऊन आत आले, सगळ्यांचं अभिनंदन केलं आणि कप भरायला लागले.

यांचं हे असंच. भावकीत लग्न असू द्या, कमरेला पंचा बांधून वाढायला उभे, शेवटच्या पंगतीला बसणार, तोवर जिलबी संपलेली, आणि वर म्हणणार, मला गोड फारसं आवडत नाही. आवडतं हो, मला विचारा ना.

घरी आल्यावर मी विचारलं, तुम्ही कोण? म्हणाले, 'सभासद.' आणखी कोण सभासद? 'मीच.' म्हणजे सहा पुढारी आणि तुम्ही एकटे? तर तुम्हाला सांगते, छाती पुढे काढून म्हणाले, 'बघ की, एका माणसामागे सहा जण उभे आहेत. युनियन आहे, छाया.'

महिन्याभरात नोकरी गेली. कोणाची, हे सांगायला पाहिजे का? सासूबाईंनी झेंडूची पाटी थोडी माझ्या बाजूला सरकवली. मी ती परत सरकवली.

मग युनियन पेटली. गेटवर सभा! सहाही जण एकामागून एक बोलले, आणि समोर ऐकायला आमचे हे, एकटे. ज्ञानेश म्हणाला, 'बंधूंनो आणि भगिनींनो', तर यांनी मागे वळून बघितलं, आणखी कोणी आलंय का म्हणून. टाळ्या यांनीच वाजवल्या, घोषणा यांनीच दिल्या, स्वतःच्याच नावाच्या, भिमाजीला न्याय मिळालाच पाहिजे, आणि पुंजाभाऊंचा घसा बसला तेव्हा चहा आणायला गेले ते पण हेच!

आणि त्याच आठवड्यात काय झालं, की विमान उतरलं आणि शिडी लावायला कोणी हलेना. पुंजाभाऊ म्हणतात, 'उपाध्यक्षानं शिडी ढकलायची व्हय?' सहसचिव म्हणतो, मी सचिवांच्या आधी हात लावणार नाही, मानाचा प्रश्न आहे. प्रवासी बिचारे खिडक्यांना नाक लावून बसलेले, आत एक कुणीतरी मोठे गृहस्थ होते, त्यांनी मुंबईला असा काही दणका दिला की कंपनीने आमच्या यांना बोलावून घेतलं. सहाही पुढारी हार घेऊन घरी आले, सासूबाईंनीच ओवलेला, आणि म्हणाले, युनियनचा विजय झाला. मी म्हटलं, युनियनचा का शिडीचा?

तेव्हा हे माझ्यावर पहिल्यांदा रागावले. म्हणाले, 'असं बोलू नको. चिमाजीचं काय झालं?' चिमाजी म्हणजे यांचा मावसभाऊ, मुंबईच्या विमानतळावर दुसऱ्या कंपनीत होता. तिथे युनियन नव्हती. एका सकाळी कामावर गेला तर गेटवर त्याचं कार्डच चालेना. शंभर-दीडशे लोक, सगळ्यांचंच. ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच समोर नाही. हे म्हणाले, 'आमचा निदान एकच गेला, आणि तोही परत आला.' खरंच होतं ते.

पण म्हणून पुन्हा तेच? काल परत बैठक होती. कंपनी परत माणूस कमी करणार, म्हणून पदं परत वाटायची होती. मी सकाळीच किटली पिठाच्या डब्यामागे लपवली. दारात उभं राहून सांगितलं, आज चहा नाही, आज कोणाला वाढायचं नाही, पद घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. मान हलवली यांनी.

संध्याकाळी आले ते हसत. 'छाया, पद मिळालं.' मी देवापुढे साखर ठेवली. कोणतं? 'आधी सचिव केलं होतं मला,' म्हणाले, 'पण मग शेवटी तो संघटक बिनपदाचा राहिला गं. त्याच्या बायकोला दिवस गेलेत, चेहरा एवढासा झाला त्याचा. मी म्हटलं, तू बस.' आणि तुम्ही? 'मला नवीन पद काढलं, खास. आदरातिथ्य प्रमुख. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.'

मी विचारलं, या पदाला कंपनी हात लावू शकत नाही ना? तर पाणी प्यायले सावकाश, तांब्या खाली ठेवला. 'मुंबईचे साहेब म्हणाले, ते पहिल्या सहा पदांचंच आहे. पण तू काळजी करू नको...'

माहितीये, मी म्हटलं, युनियन आहे.

मग डब्यामागची किटली काढून यांच्या हातात दिली, आत गेले, आणि सासूबाईंना विचारलं, आत्याबाई, ती माझी सुई कुठे ठेवलीये?