बस थांब्यावरचा चेहरा

जबाब

नाव: त्सोंका वुल्चेवा, वय ६८, धंदा: घरकाम व शेळ्या, राहणार गोर्नो स्लिवोवो, बस थांब्यासमोर.

मी वरील बाई, कोणी न बोलावता ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, काल मी इथेच एक जबाब दिला होता, तो चुकला आहे. हवालदार इस्क्रेन म्हणाला, "मावशी, दिलेला जबाब परत घ्यायला ते काय दुकानातलं पातेलं आहे?" मी म्हटलं, मग दुसरा लिही, आणि मी बोलते तसाच लिही. कालच्यात तू माझ्या तोंडी "सदर इसम" घातलंस. मी जन्मात कोणाला सदर इसम म्हटलेलं नाही.

हकिगत अशी. सोमवारी संध्याकाळी गावच्या भट्टीचं तांब्याचं झाकण चोरीला गेलं. झाकणाशिवाय आलुबुखाराची दारू, आपली राकिया, गाळता येत नाही. घरोघरी पिंपांत आलुबुखार आंबून बसलेत आणि सगळा गाव भट्टीवाल्याच्या नावाने शंख करतोय. मंगळवारी दुपारी थांब्यापाशी एक परका तरुण खळीचा डबा घेऊन उभा दिसला, त्याला धरलं. नाव याव्होर देलेव, राहणार शहरात. तो सांगत होता, वडील जाऊन वर्ष होतंय, त्याचा कागद थांब्यावर लावायला आजच आलोय. पण माझी खिडकी भट्टीच्या रस्त्यावर आणि मी दिवसभर खिडकीत, हे सगळ्यांना ठाऊक. इस्क्रेनने मोबाइलवर त्याचा फोटो दाखवून विचारलं, "सोमवारी कोण दिसलं होतं? हा होता का?" मी म्हटलं, "हाच तो! चांगला ओळखते." भुवयासुद्धा वर्णन करून सांगितल्या. त्यानंतर त्याचं कोण ऐकतंय? त्याला कोठडीत टाकलं.

आज सकाळी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालताना समोर पाहिलं, तर तोच पोरगा थांब्यावरून माझ्याकडे बघतोय. अगं बाई! झारी हातातून सुटली. चष्मा लावून रस्ता ओलांडला. थांब्याच्या काचेवर गेलेल्या माणसांचे कागद लावलेले असतात, चाळीस दिवसांचे, सहा महिन्यांचे, वर्षाचे. त्यात एक रायचो देलेवचा, वय बहात्तर. माणूस म्हातारा होऊन गेला, पण घरच्यांनी फोटो लावलाय तिशीतला. सगळे तसंच करतात. माझ्या सासूबाईंचाही लग्नातला लावला होता, तर लोक विचारायला आले की ही पोर कोण गेली.

या रायचोला मी प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. मी सून होऊन आले त्याच्या आधीच तो गाव सोडून गेला होता. पण त्याचा कागद जवळजवळ वर्षभर माझ्यासमोर आहे. सकाळची कॉफी मी त्याच्याकडे बघतच पिते. एकदा पावाचे भाव वाढले तेव्हा त्याला दोन शब्द ऐकवलेसुद्धा. पोरगा हुबेहूब बापावर गेलाय, यात त्याचा काय गुन्हा? चेहरा ओळखीचा वाटला, तेव्हा मी धरून चालले की सोमवारी पाहिलाच असणार. मी पोराला ओळखलंच नव्हतं, कागदाला ओळखलं होतं.

शनिवारी रायचोचं वर्ष. त्याची बायको साखर घातलेले उकडलेले गहू घेऊन कबरीपाशी उभी राहणार, आणि मुलगा माझ्या तोंडामुळे कोठडीत. त्याला सोडा. आत्ता सोडा.

इस्क्रेन म्हणाला, "सोडतो, मावशी. पण मग सोमवारी संध्याकाळी भट्टीकडून आलं कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

"कोणीच नाही? कुत्रंसुद्धा नाही?"

"कुत्रं होतं. पेन्काचं, लंगडं."

"आणि माणूस?"

"माणूस नाही रे. आमचा गेनो तेवढा आला, हातगाडी ढकलत."

इस्क्रेनने पेन खाली ठेवलं. काल हे का सांगितलं नाही, असं विचारलं. मी म्हटलं, "तू विचारलंस कोण दिसलं. नवरा काय दिसतो होय? तो असतो."

गेनोने काय घातलं होतं, असं विचारता, कपडे घातले होते असं सांगितलं. कुठले ते सांगता येत नाही. चेहरा घाबरलेला होता का, असं विचारता, तेही सांगता येत नाही. पंचेचाळीस वर्षं संसार झाला, त्याच्या तोंडाकडे बघायला सवड कुणाला आहे?

गाडीत घोंगडीखाली काहीतरी गोल होतं. मी खिडकीतून ओरडले, "काय आणलंस?" तो म्हणाला, "भोपळे." मी म्हटलं, "पाय पुसून आत ये."

इथे इस्क्रेनने पाणी दिलं. पाणी पिऊन मी सांगितलं की, यंदा आम्ही भोपळे लावलेलेच नाहीत.

आणखी सांगते की, गेल्या आठवड्यात भट्टीवाल्याने गेनोचा राकिया गाळायचा नंबर मागे ढकलून स्वतःच्या जावयाला पुढे घेतलं. तेव्हापासून गेनो धड जेवत नव्हता. मला वाटलं, दात दुखतोय. माझा गेनो चोर नाही. हट्टी आहे, मूर्ख आहे, हवं तर तसं लिहा.

इस्क्रेन म्हणाला, "मावशी, ही गेनोकाकांची ओळ मी ऐकलीच नाही असं समजू? झाकण गुपचूप भट्टीत परत ठेवा, मिटलं." इस्क्रेन लहानपणी आमच्याच अंगणात खेळलाय, त्याचं मन मला कळतं. पण मी म्हटलं, "मग त्या पोराला लोक जन्मभर चोर म्हणतील ते कोण निस्तरणार? रायचो रोज सकाळी माझ्यासमोर असतो, बाबा. लिही."

वरील मजकूर इस्क्रेनने मला वाचून दाखवला. "आमचा गेनो" इथे तो नुसता पुटपुटला, म्हणून ती ओळ मी पुन्हा मोठ्याने वाचायला लावली. मी बोलले तसंच उतरलं आहे आणि ते खरं आहे. सही करून घरी जाते. आधी गेनोच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघणार आहे. झाकण त्यानंतर मागेन.

(सही) त्सोंका वुल्चेवा